लेसर झालं, चष्मा गेला, पण रात्री दिव्यांभोवती खळं दिसतं: काय तपासायचं, काय करायचं

ऑपरेशनच्या तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा रात्री स्कूटर काढली. कल्याणीनगरहून कोथरूडला घरी यायचं होतं. जूनचा महिना, नुकतीच सर येऊन गेलेली. कर्वे रस्त्यावर नळस्टॉपच्या सिग्नलला थांबले आणि वर पाहिलं, तर लाल दिव्याभोवती दुसरं एक मोठं लाल वर्तुळ होतं. पावसाळी रात्री चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पांढऱ्या दिव्यांना लांबलचक सुया फुटल्या होत्या आणि ओल्या रस्त्यावर त्याच सुया उलट्या दिसत होत्या. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण मला पुढची रिक्षा नेमकी किती लांब आहे तेच कळेना. स्कूटर कडेला घेतली आणि बहिणीला फोन केला.

घरी आई म्हणाली, "अगं, चष्मा गेला ना? मग आता काय झालं?" दुसऱ्या दिवशी तपासणीलाही साधारण हेच ऐकायला मिळालं. तक्ता वाचून घेतला, दोन्ही डोळे ६/६ आले. "व्हिजन उत्तम आहे मॅडम, सवय होईल," असं म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं.

हा लेख त्या "सवय होईल"मुळेच लिहितेय. पुष्कळांना खरंच सवय होते, त्रासही खरंच कमी होतो. पण काहींच्या त्रासामागे सापडण्यासारखं आणि बरं होण्यासारखं कारण असतं, आणि ते शोधायचं राहून जातं. रात्री दिवे फुटलेले दिसणं हा एकच आजार नाही. पाच-सात वेगवेगळ्या कारणांचा तो एकसारखा दिसणारा परिणाम आहे. डोळा कोरडा असेल तर उपाय एक, थोडा नंबर उरला असेल तर दुसरा, फ्लॅपला, म्हणजे लेसरसाठी उचललेल्या कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) पापुद्र्याला, सुरकुती असेल तर तिसराच. म्हणून आधी कारण वेगळं काढायचं आणि मग उपाय करायचा. मी डॉक्टर नाही. माझ्या डोळ्यांच्या निमित्ताने वर्षभर जे शिकले, तपासून घेतलं आणि नंतर दोन मैत्रिणींना उपयोगी पडलं, ते क्रमाने मांडते.

६/६ असूनही त्रास खरा असतो

तक्त्यावर काळीकुट्ट अक्षरं पांढऱ्याशुभ्र पाटीवर, उजेडात वाचायची असतात. काळ्या शर्टातला माणूस काळोख्या रस्त्यावर ओळखता येतो का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. फिक्या आणि गडद रंगांतला फरक ओळखण्याची ताकद, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी मोजावी लागते.

तुम्ही एकटे नाही, हेही आकड्यांनी सांगते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लॅसिक (फ्लॅप उचलून त्याखाली केलेलं लेसर) झालेल्यांची पाहणी केली होती. ऑपरेशनआधी दृष्टीची अशी कोणतीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर किमान एक नवीन तक्रार सांगितली. त्यात खळं दिसण्याची तक्रार सर्वांत जास्त होती. कोरडेपणा आधी नव्हता आणि नंतर आला, असे ३० टक्क्यांपर्यंत होते. पण रोजची कामं करणं फार अवघड झालं, असं सांगणारे १ टक्क्याहूनही कमी. म्हणजे त्रास होणं सर्रास आहे आणि आयुष्य अडून बसणं विरळ आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पायरी पहिली: हे लक्षण असेल तर वाचन थांबवा, आजच दाखवा

डोळा ठणकतोय, लाल झालाय, पाणी किंवा चिकट स्राव येतोय. काल दिसत होतं त्यापेक्षा आज स्पष्ट कमी दिसतंय. पहिल्या आठवड्यातच उजेड अजिबात सहन होत नाही आणि धुक्यातून पाहिल्यासारखं वाटतंय. डोळ्याला कोपर, बॉल, लहान मुलाचं नख लागलंय. यातलं काहीही असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी जा. जंतुसंसर्ग, फ्लॅपखालची सूज, फ्लॅप सरकणं किंवा त्याला सुरकुत्या पडणं हे लवकर पकडलं तर बहुतेकदा निभावतं. सुरकुती पहिल्या काही दिवसांत उलगडणं सोपं असतं, महिन्यांनी अवघड होतं.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या मागच्या पडद्याची. अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखं वाटणं याचा कॉर्नियाशी संबंध नाही. पडदा सुटत असण्याची ती खूण असते. लेसरने चष्मा जातो, पण मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबच राहतो आणि पडद्याचा धोकाही तसाच राहतो. माझा नंबर मायनस सव्वासहा होता, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासणं आता माझ्यासाठी नेमाचं झालंय.

पायरी दुसरी: नेमकं काय दिसतं, त्याला नाव द्या

"ग्लेअर होतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती फार काही लागत नाही. मी वहीत चित्र काढून नेलं, आणि दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी ते चित्र माझ्या फाईलला लावून ठेवलं. तुम्हीही काढा. प्रत्येक डोळ्याचं वेगळं.

दिव्याभोवती गोल कडं दिसतं ते खळं. दिव्यातून सुया किंवा काड्या फुटतात ते वेगळं. अक्षराला किंवा दिव्याला एका बाजूला फिकी सावली दिसते, जणू कुणी दोनदा छापलंय, ते तिसरं. समोरचा दिवा डोळ्यांवर आला की बाकी सगळं पांढरं होऊन दिसेनासं होतं, ते डोळे दिपणं. पांढऱ्या एलईडीच्या दोन्ही बाजूंना इंद्रधनुष्याच्या बारीक पट्ट्या दिसतात, हा प्रकार फेम्टोसेकंद लेसरने फ्लॅप केलेल्या काहींना होतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत फिका पडतो. आणि शेवटचं, दिसतं चांगलं पण उजेडच सोसत नाही, दिवसा घरात पडदे ओढून बसावं लागतं. फेम्टो लेसरनंतर काही आठवड्यांनी असं सुरू झालं तर त्यावर डॉक्टर काही काळ स्टिरॉइडचे ड्रॉप देतात आणि ते ओसरतं. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण तपासणीत डोळा अगदी नॉर्मल दिसतो.

पायरी तिसरी: घरच्या घरी चार चाचण्या

रात्री गॅलरीत उभं राहून समोरच्या सोसायटीचा एक दिवा ठरवून घ्या. रोज तोच दिवा, साधारण तीच वेळ. नंतर हे करून पाहा.

आधी एक-एक डोळा झाका. एका डोळ्याने पाहतानाही दुहेरी दिसतं का? दिसत असेल तर दोष त्या डोळ्यात आहे. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं पूर्ण थांबत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत नाहीये. तो प्रश्न वेगळा आहे, त्यावर कोरडेपणाचे ड्रॉप घालत बसू नका.

मग उघडझाप. सावकाश तीन-चार वेळा पापण्या पूर्ण मिटा आणि लगेच पाहा. पहिली पाच-सात सेकंद दिवा स्वच्छ दिसला आणि मग पुन्हा पसरला, तर संशय कोरडेपणावर. कृत्रिम अश्रूंचा ड्रॉप टाकून पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. फरक पडला तर संशय पक्का होत जातो.

तिसरी चाचणी छिद्राची. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून तोच दिवा बघा. खळं किंवा सावली जवळजवळ नाहीशी झाली तर किरणं नीट एकत्र येत नाहीयेत, म्हणजे उरलेला नंबर किंवा कॉर्नियाच्या आकारातला बारीक दोष. काहीच फरक पडला नाही, धुकं तसंच राहिलं, तर पारदर्शकपणाचा प्रश्न असू शकतो आणि तो स्लिट लॅम्पवर, म्हणजे दवाखान्यातल्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, शोधावा लागतो.

चौथी, खोलीतली ट्यूब लावा. खोलीत उजेड झाल्यावर बाहेरच्या दिव्याचं खळं लहान झालं तर बाहुलीचा हात आहे. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते. लेसरने पूर्ण सुधारलेला कॉर्नियाचा भाग बहुधा सहा ते साडेसहा मिलिमीटरचा असतो. बाहुली त्यापलीकडे उघडली की कडेने येणारा उजेड वेगळ्या ठिकाणी पडतो आणि खळं तयार होतं. त्यातही मायनस नंबर जितका मोठा, तितका कॉर्नियाचा मध्य जास्त सपाट करावा लागतो आणि मध्य-कडेतला फरक वाढतो. मात्र "तुमची बाहुली मोठी आहे म्हणून होणारच" हे उत्तर पुरेसं मानू नका. नुसत्या बाहुलीच्या मापावरून कुणाला त्रास होईल हे सांगता येत नाही, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. उरलेला नंबर आणि कोरडेपणा तपासल्याशिवाय बाहुलीवर खापर फोडू नये.

माझ्या वहीत असं होतं: "उजवा जास्त, डावा कमी. उघडझापेनंतर ५ सेकंद बरं. भोकातून उजव्याचं खळं ७० टक्के कमी. ऑफिसमधून आल्यावर सगळ्यात वाईट, सुट्टीच्या सकाळी जवळजवळ नाही." या चार ओळींनी पुढची तपासणी सोपी केली.

पायरी चौथी: कॅलेंडर समजून घ्या

पहिला आठवडा काहीही ठरवायचा नाही. सूज असते, डोळा सावरत असतो. पहिल्या महिन्यात खळं, सुया, चढउतार हे सगळं अपेक्षित आहे. तीन महिन्यांनी बहुतेकांचं बरंच निवळलेलं असतं. कॉर्नियातल्या कापल्या गेलेल्या नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं, म्हणून कोरडेपणावर आधारलेला त्रास त्याच गतीने कमी होतो. फ्लॅप न करता वरचा थर काढून केलेली पीआरके झाली असेल तर सगळं अजून सावकाश होतं, आणि काही महिन्यांनी कॉर्नियात धुरकटपणा येऊ शकतो. म्हणून पीआरकेवाल्यांनी उन्हात यूव्ही अडवणारा गॉगल टाळू नये. स्माईल पद्धतीत फ्लॅप नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून पातळ चकती काढतात. नसा कमी कापल्या जातात, पण खळं त्यातही दिसू शकतं.

वाट पाहणं आणि दुर्लक्ष करणं यात फरक आहे. महिन्याभरात त्रास थोडा तरी उतरणीला लागायला हवा. तो वाढत असेल, किंवा तीन महिन्यांनी जागच्या जागी असेल, तर सविस्तर तपासणी मागा.

पायरी पाचवी: कोरडेपणा मनापासून घ्या

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोकांचा त्रास इथे आहे आणि सगळ्यात कमी गांभीर्याने घेतला जातो तोही हाच.

डोळ्यात उजेड शिरताना पहिली काच कॉर्निया नसते, त्यावरचा अश्रूंचा थर असतो. तो गुळगुळीत असेल तर चित्र स्वच्छ. तो जागोजाग तुटला की पावसाचे थेंब पडलेल्या काचेतून पाहिल्यासारखं होतं. लॅसिकमध्ये फ्लॅप करताना नसा कापल्या जातात, डोळ्याला कोरडेपणा जाणवतच नाही नीट, त्यामुळे अश्रू सुटण्याचा निरोप कमी जातो आणि उघडझापही कमी होते. "पण माझे डोळे चुरचुरत नाहीत" म्हणून कोरडेपणा नाही, असं समजू नका. माझे अजिबात चुरचुरत नव्हते. शर्मरची पट्टी (अश्रू मोजायची कागदी पट्टी) लावली तेव्हा पाच मिनिटांत उजवीकडे जेमतेम ४ मिलिमीटर ओली झाली. १० च्या वर असायला हवी होती.

त्यात आपलं पुण्यातलं रोजचं जगणं. आठ-नऊ तास एसीत स्क्रीनसमोर, जिथे उघडझाप नेहमीच्या निम्म्याहून खाली येते. मग दुचाकीवर तोंडावर वारा, खोदलेल्या रस्त्यांची धूळ, मार्च-एप्रिलची कोरडी हवा. संध्याकाळी सातला डोळा सगळ्यात कोरडा आणि नेमकं तेव्हाच अंधारात गाडी चालवायची.

कृत्रिम अश्रू प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. साध्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह दिवसातून सहा-आठ वेळा गेलं तर डोळ्याचा पृष्ठभाग आणखी बिघडतो. छोट्या एकदाच वापरायच्या कुप्या मिळतात, महाग पडतात. काही बाटल्यांना आत जंतू न शिरू देणारी झडप असते, त्या बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या असतात आणि दीर्घकाळ परवडतात. केमिस्टकडे नुसतं "लुब्रिकंट द्या" म्हणू नका, खोक्यावर वाचून घ्या. त्रास झाल्यावर ड्रॉप टाकण्यापेक्षा ठरलेल्या वेळी टाका. ऑफिसला पोचल्यावर, जेवणाआधी, चारच्या चहाला आणि निघायच्या दहा मिनिटं आधी. झोपताना जेल चालतं, सकाळी जरा धूसर दिसतं तेवढंच.

पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या तर अश्रू लगेच सुकतात, मग वरून कितीही पाणी घाला. स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचा, थंड झाला की पुन्हा. ऑपरेशननंतर किती दिवसांनी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा आणि डोळ्यावर दाब अजिबात देऊ नका. डोळे चोळणं तर कायमचं बंद.

एवढ्यावर भागलं नाही तर अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्राला बारीक बूच बसवतात, पंक्टल प्लग म्हणतात त्याला. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉपही देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत सोडून देऊ नका.

गुलाबपाणी, मध, कुणी सांगितलेला रस यातलं काहीही लेसर झालेल्या डोळ्यात घालू नका. लाली घालवणारे ड्रॉपही नकोत. आणि स्टिरॉइडचे ड्रॉप उरलेत म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करणं सगळ्यात धोक्याचं. त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. लेसरनंतर कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवला जातो. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात तरी "माझं लेसर झालंय" हे पहिलं वाक्य असू द्या.

पायरी सहावी: कागद मिळवा आणि पूर्ण तपासणी करून घ्या

आधी फाईल. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रता, टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा, रंगीत नकाशा, किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कॉर्निया काढला, किती मिलिमीटरच्या भागावर लेसर दिला, फ्लॅपची जाडी. हे सगळं मागा. संकोच करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला पहिल्यांदा फक्त डिस्चार्जचा एक कागद मिळाला होता. अर्ज दिल्यावर दोन दिवसांत सगळं आलं, भांडावं लागलं नाही.

पहिलं मत ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचंच घ्या, त्यांच्याकडे आधीचे नकाशे असतात. समाधान झालं नाही तर दुसरं मत अशा ठिकाणी घ्या जिथे कॉर्नियाचे तज्ज्ञ वेगळे आहेत. पुण्यात यासाठी वणवण करावी लागत नाही. कॉर्नियावरच काम करणारे डॉक्टर शहरात आहेत, आणि महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय किंवा ससून अशी मोठी ठिकाणंही आहेत. फोन करून आधी एकच विचारा: "लेसर झालेल्या पेशंटचा कॉर्निया तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात?"

तपासणीत काय व्हायला हवं? दोन्ही डोळ्यांचा नंबर, नुसता यंत्राचा नको, भिंगं बदलून विचारून काढलेला. स्लिट लॅम्पवर फ्लॅपची कड, सुरकुत्या, फ्लॅपखाली पेशी शिरल्यात का, धुरकटपणा आहे का. अश्रूंच्या चाचण्या. कॉर्नियाची टोपोग्राफी, त्यात लेसर मध्यावर बसलाय की एका बाजूला सरकलाय हे दिसतं. शक्य असेल तिथे वेव्हफ्रंट तपासणी (डोळ्यात उजेड कसा वाकतो ते मोजणारी), अंधारात बाहुलीचं माप, दाब आणि पडदा. वय चाळिशीच्या पुढे असेल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का हेही, कारण दिवे फुटलेले दिसणं हे त्याचंही जुनं लक्षण आहे. टोपोग्राफीच्या दिवशी सकाळी डोळा कोरडा नसेल याची काळजी घ्या. कोरड्या डोळ्याचा नकाशा वाकडा येतो आणि नसलेला दोष दिसतो.

नंबर काही महिन्यांनी पुन्हा वाढतोय, त्यात सिलेंडर (तिरपा नंबर) वाढतोय असं दिसलं तर कॉर्निया फुगतोय का, हे जुन्या नव्या नकाशांची तुलना करून पाहावं लागतं. ही अवस्था विरळ आहे, पण तिच्यावर वेळेत सी३आर (कॉर्नियाला बळकट करणारी प्रक्रिया) करून वाढ थांबवता येते. जुने नकाशे जवळ असावेत ते यासाठीही.

पायरी सातवी: कारण कळल्यावर उपाय

माझ्या उजव्या डोळ्यात मायनस पाऊण नंबर उरला होता आणि दोन्ही डोळे कोरडे होते. डॉक्टरांनी दुसऱ्या लेसरचं नावही काढलं नाही. म्हणाले, "ताई, आधी अश्रू सुधारू, तीन महिन्यांनी नंबर पुन्हा काढू. तोपर्यंत रात्रीसाठी चष्मा." चष्मा हा शब्द ऐकून मला रडू फुटलं. एवढे पैसे, एवढी भीती, आणि परत चष्मा? पण त्या संध्याकाळी टिळक रोडवर बसवून आणलेला तो हलका चष्मा लावला आणि नळस्टॉपचा सिग्नल मला पुन्हा गोल, छोटा, लाल दिसला. दिवसभर तो लागत नाही. फक्त रात्री गाडीवर लागतो.

अंधारात पुष्कळांचा नंबर किंचित मायनसकडे सरकतो, त्यामुळे पाव-अर्धा उरलेला नंबरही रात्री जाणवतो. चष्म्याला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्यायचंच. रस्त्यावर मिळणारे पिवळ्या काचेचे "नाइट ड्रायव्हिंग" चष्मे मात्र घेऊ नका. ते येणारा उजेडच कमी करतात आणि अंधारात चालणारा माणूस आणखी उशिरा दिसतो.

बाहुलीमुळे त्रास आहे हे ठरलं तर काही डॉक्टर ब्रिमोनिडिनचा ड्रॉप देतात. मूळचा तो काचबिंदूचा, पण अंधारात बाहुली फार मोठी होऊ देत नाही. गाडी चालवण्याच्या अर्धा तास आधी टाकतात. त्याने झोप येऊ शकते, तोंड कोरडं पडतं, आणि रोज वापरला तर परिणाम कमी होत जातो. म्हणून पहिल्यांदा घरी असताना टाकून पाहायचा. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. केमिस्टकडून परस्पर आणायची ही गोष्ट नाही.

कॉर्नियाचा आकारच उंचसखल झाला असेल तर स्क्लेरल लेन्स हा फार चांगला आणि फार कमी सुचवला जाणारा मार्ग आहे. ही मोठी, कडक लेन्स कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, मधल्या जागेत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे वाकडेपणा बुजतो आणि कोरडेपणालाही आराम पडतो. बसवून घ्यायला दोन-तीन खेपा लागतात, खर्चही आहे. पण काहीही न कापता कळतं की आकार सुधारल्यावर नेमकं किती दिसेल.

दुसऱ्या लेसरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घाई नको. किमान तीन ते सहा महिने जावेत, वेगवेगळ्या दिवशी काढलेले दोन नंबर सारखे यावेत, कोरडेपणा आधी आटोक्यात यावा. मग विचारा की खाली किती मायक्रॉन कॉर्निया उरेल. फ्लॅपखाली २५० पेक्षा कमी उरता कामा नये आणि अनेक डॉक्टर ३०० ची मर्यादा पाळतात. सहा मिलिमीटरच्या भागावर एका नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन कॉर्निया जातो, त्यावरून हिशेब तुम्हालाही मांडता येतो. लेसर मध्यावरून सरकलेला असेल तर टोपोग्राफीवर आधारलेला लेसर उपयोगी पडतो. जुना फ्लॅप वर्षांनंतर उचलला तर त्याखाली पेशी शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून काही डॉक्टर वरूनच पीआरके करणं पसंत करतात. "पॅकेजमध्ये फुकट आहे" हे करून घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

पायरी आठवी: तोवर रात्रीचं जाणं-येणं

पहिले दोन महिने मी वनाज–रामवाडी मेट्रोने गेले. दोन्ही टोकांना रिक्षा लागली, पण जीव मुठीत धरून चालवण्यापेक्षा बरं. दुचाकीवर असाल तर हेल्मेटची काच आधी बदला. ओरखडे पडलेल्या काचेतून निरोगी डोळ्यालाही सुया दिसतात. काळी काच रात्री नको. काच खाली असली की वाराही अडतो आणि डोळा कमी सुकतो. चारचाकी असेल तर पुढची काच आतून पुसा, आतल्या बाजूला तेलकट थर बसतो तो कुणाच्या लक्षात येत नाही. समोरून प्रखर दिवा आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. कात्रजचा उतार, नवले पूल आणि एक्स्प्रेसवे हे रस्ते पावसाळी रात्री सगळ्यात शेवटी. आधी सोसायटीच्या आसपास, मग ओळखीचा रस्ता, मग बाकीचं.

गणपतीत मिरवणुकीतल्या लेसर झोतांकडे पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. आपल्या ऑपरेशनशी त्याचा संबंध नाही, पण तो झोत डोळ्याचा पडदा जाळू शकतो.

आणि मनाचं. पहिल्या तीन महिन्यांत मी रोज रात्री गॅलरीत उभी राहून दिवे तपासायचे, वीस-वीस वेळा. जितकं तपासावं तितकं खळं मोठं दिसायचं. शेवटी बहिणीने नियम घातला: रविवारी एकदाच, वहीत लिहायचं, बाकीचे सहा दिवस गॅलरीत जायचं ते कपडे वाळत घालायला. झोप उडाली असेल, कामावर लक्ष लागत नसेल, आपण स्वतःच्या हाताने डोळे घालवले असं सतत वाटत असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशकालाही भेटा. माझ्या मैत्रिणीला याची गरज पडली आणि तिला फायदा झाला.

शेवटची पायरी: फाईल कुठे ठेवली ते घरच्यांना सांगा

साठीत मोतीबिंदू झाला की डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसर झालेल्या डोळ्यात हा हिशेब नेहमीच्या सूत्राने चुकतो. ऑपरेशनआधीची वक्रता आणि नंबर हाताशी असेल तर तो सुधारता येतो. दवाखान्यांवर कागद तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे, तीस वर्षं नव्हे. मी सगळ्या कागदांचे फोटो काढून बहिणीलाही पाठवलेत. मूळ फाईल आईच्या कपाटात, घराच्या खरेदीखताखाली आहे, आणि तिच्यावर आईने जाड स्केचपेनने लिहिलंय: "डोळे. फेकू नये."